आत्याचा गुळांबा

सोसायटीच्या कुंपणालगतचं रायवळ आंब्याचं झाड परवा पाडलं. पार्किंगला जागा हवी होती. फांद्या ट्रकमध्ये गेल्या, कैऱ्या रस्त्यावरच राहिल्या. मी पिशवी घेऊन खाली उतरले आणि त्याच दुपारी गुळांबा करायला घेतला.

गूळ विरघळून फोडींना लागला की आंबूस-गोड वाफ येते. त्या वाफेबरोबर मला आत्या दिसते. बरण्या भरून झाल्यावर भिंतीला टेकून बसलेली, रिकाम्या पातेल्याचं बूड पोळीच्या तुकड्याने निपटून खाणारी.

तिची शिस्त पक्की होती. पातेलं कल्हईचंच हवं, नाहीतर आंबट पदार्थ पितळेत कळकतो. तुपात लवंगा टाकून फोडी परतायच्या, झाकणावर पाणी ठेवून वाफ काढायची. "फोड बोटाने दबली पाहिजे, मगच गूळ," ती म्हणायची. आधी गूळ पडला तर फोडी आकसून चिवट होतात, मग कितीही शिजवा. पाकाचा थेंब अंगठा आणि बोटात धरून ती तार बघायची. कैरीच्या आंबटपणामुळे हा पाक सहसा साखरत नाही, आणि पाण्याचा अंश नीट आटला असेल तर बुरशीही धरत नाही. कोरड्या बरणीला दादरा बांधला की वर्षाची निश्चिंती.

साखर तेव्हा रेशनकार्डावर. प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 सालीच सुरू झालेला, आमच्या कराडच्या आसपासही सगळा ऊसच, तरी घरातली साखर मोजून चहाला आणि सणाला. गूळ मात्र गुऱ्हाळावरून यायचा आणि कैऱ्या वळीव पाडायचा. घरात ज्यांचा हिशोब कुणी ठेवत नव्हतं, त्यांचा गुळांबा व्हायचा. आत्याच्या कष्टांचाही हिशोब कुणी ठेवला नाही.

बरण्या काकांकडे जायच्या, मामांकडे जायच्या. वडील पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या घरचा गुळांबा." पाहुणे आईकडे बघून म्हणायचे, "वहिनींच्या हाताला चव आहे." आई गप्प राहायची. या गप्प राहण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आत्या तेव्हा आत पातेलं निपटत असायची.

कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' 1970 मध्ये आलं आणि पुढे आमच्याही घरी पोचलं. आत्याने ते हातात घेतलं आणि आधी मुखपृष्ठावरचं बाईंचं नाव मोठ्याने वाचलं. पाककृती नंतर.

तिचं स्वतःचं नाव मी एकाच कागदावर पाहिलंय. ती नवऱ्यामागे माहेरी आलेली. आजोबांनी स्वतः बांधलेल्या घरात, ते गेल्यावर, 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिचा भावाइतकाच वाटा होता. तिने हक्कसोडपत्रावर सही केली. भावाशी वाकडेपणा नको, म्हणून. ज्या स्वयंपाकघरात तिचा जन्म गेला, ते त्या सहीनंतर कागदोपत्री तिचं उरलं नाही.

आता ते घर माझ्या भावाच्या ताब्यात आहे आणि विकायचं चाललंय. माझ्याकडेही तसाच कागद आलाय. भावावर माझी माया आहे, बरणीही त्याला पाठवणार आहे. सही मात्र करणार नाही.