कार्बोनाराचं वय

१० डिसेंबर २०२५. दिल्लीत लाल किल्ल्यावर युनेस्कोची बैठक भरली होती. वारशाच्या यादीत त्या दिवशी आपली दिवाळी गेली आणि इटलीचा अख्खा स्वयंपाकही गेला. आपल्याकडे बातमी साहजिकच दिवाळीची झाली. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला २०१७ सालीच यादीत आली होती. या वेळी एखादा पदार्थ नाही, तर घरोघरचं रांधणं, एकत्र बसून जेवणं, अन्न वाया न घालवणं यांची नोंद झाली. हे शहाणपणाचं केलं. पदार्थांची नावं घालायची म्हटलं असतं तर रोम, बोलोन्या आणि नेपल्स यांची भांडणं मिटवण्यातच बैठक संपली असती.

*

कार्बोनारा पास्त्यात क्रीम घातलेलं पाहिलं की रोमचा माणूस कपाळाला हात लावतो. अंडं, पेकोरिनो चीज, मिरी आणि डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस. बाकी काही नाही. पण १९५४ साली ‘ला कुचिना इतालियाना’ या मासिकात आलेल्या कृतीत लसूण आहे आणि ग्रुयेर हे चक्क स्विस चीज आहे. दुसऱ्या महायुद्धाआधी तर या नावाचा पदार्थ कुठे छापलेला सापडत नाही. तिरामिसू साधारण १९७०च्या आसपासची, म्हणजे आपल्या वडापावाच्या पिढीतली. चाबाता पाव १९८२चा. फ्रेंच बागेट पाव इटलीत खपायला लागला म्हणून आर्नाल्दो काव्हालारी नावाच्या गिरणीवाल्याने तो काढला.

पार्मा विद्यापीठातले इतिहासकार आल्बेर्तो ग्रांदी हेच वर्षानुवर्षं सांगतात आणि शिव्या खातात. मला वाटतं, चिडण्याचं कारणही त्यातच आहे. नवी परंपरा जुनीपेक्षा जास्त कडक सोवळं पाळते.

*

टोमॅटो अमेरिका खंडातून आला. सतराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्समध्ये आन्तोनियो लातीनी याने टोमॅटोच्या सॉसची कृती लिहिली, तीही ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हणून. आपल्या बटाट्याचं आणि मिरचीचं मूळ गावही तेच. तरी साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा घालताना कुणाला तो परका वाटत नाही.

*

नेपल्सचा मारिनारा पिझ्झा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. चीज नाहीच. भट्टी चारशे तीस अंशांच्या वर तापलेली, पिझ्झा आत साठ ते नव्वद सेकंद. ‘एक्स्ट्रा चीज’ मागणाऱ्या आपल्या पोरांना हा दाखवला तर ती पैसे परत मागतील.

*

सध्याच्या खाद्यजगतातले दोन परवलीचे शब्द: वनस्पतीप्रधान आणि शून्य कचरा. मोठमोठ्या रेस्टॉरंटांत यासाठी सल्लागार नेमतात. तोस्कानातली रिबोलिता पाहावी. शिळा पाव, पांढरा घेवडा, गडद हिरव्या पानांची कोबी, गाजर, कांदा. आज सूप, उद्या तेच पुन्हा उकळून घट्ट. पळी उभी राहील इतकं. वर ऑलिव्हच्या तेलाची धार. ही सगळी गरिबीतली अक्कल, फोडणीच्या पोळीच्या घराण्यातली. दक्षिण इटलीत चीज परवडत नसे तेव्हा पास्त्यावर पावाचा चुरा तेलात परतून घालत. आता तोच चुरा महागड्या बशीत ‘टेक्स्चर’ म्हणून येतो.

मोदेनाचा नामांकित शेफ मास्सिमो बोत्तुरा याने २०१५च्या मिलान एक्स्पोच्या वेळी उरलेल्या अन्नातून गरजूंसाठी भोजनगृह चालवलं. तिथे जगभरचे शेफ येऊन रांधून गेले. नव्या प्रवाहांत मला सगळ्यात पटलेला हाच.

*

सरकारी सोवळंही आहे. लुक्का शहराने २००९ मध्ये तटबंदीच्या आत नव्या परदेशी उपाहारगृहांना मनाई केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये इटलीने प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाच्या विक्रीवर कायद्याने बंदी घातली. उलट डॉमिनोजला कुणी बंदी घातली नव्हती. ते २०१५ साली आले आणि २०२२ पर्यंत गाशा गुंडाळून गेले. स्टारबक्स मात्र २०१८ साली मिलानमध्ये आलं आणि टिकलं. लोकांची जीभ कायद्याला विचारून निवड करत नाही.

*

जपानात ‘नापोलितान’ नावाची स्पॅगेटी मिळते: केचप, कांदा, सिमला मिरची, सॉसेज. जन्म युद्धानंतरच्या योकोहामातला, नेपल्सला पत्ताही नाही. आर्जेंटिनात दर महिन्याच्या २९ तारखेला बटाट्याची न्योकी खायची रीत आहे, पगार संपत आलेला असतो आणि बटाटा स्वस्त. आपल्याकडे लग्नातला ‘लाइव्ह पास्ता काउंटर’. टोपीवाला विचारतो, ‘व्हाइट की रेड?’ पाहुणा म्हणतो, ‘दोन्ही घाला.’ झाला पिंक सॉस. मक्याचे दाणे, किसलेलं चीज, वरून ओरेगानोची पुडी. जैन पाहुण्यांसाठी कांदा-लसूण नसलेली कढई वेगळी. रोमने नाक मुरडलं तरी ही इटलीची जीतच आहे. चार जिन्नसांत उभा राहणारा पदार्थ कुठेही मुक्काम करू शकतो.

*

पार्मिजानो रेज्जानो. चाळीस किलोच्या आसपासचं एक चाक, त्याला साडेपाचशे लिटर दूध, किमान बारा महिने मुरवणं. एमिलियातली एक बँक ही चाकं तारण ठेवून कर्ज देते. दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं, म्हणून शाकाहारी माणसाने वेष्टन वाचावं.

या चीजचे नियम फार बारीक आहेत. दूध कुठल्या जिल्ह्यांतलं, चारा कसला, काय चालणार नाही, सगळं लिहिलेलं. त्या भागातल्या गोठ्यांत पहाटे दूध काढणाऱ्यांत पंजाबी पुष्कळ. रेज्जो एमिलियाजवळच्या नोव्हेल्लारात त्यांचा मोठा गुरुद्वारा २००० सालापासून आहे. धारा कुणी काढाव्यात, याबद्दल नियमावलीत एक अक्षर नाही. ते लिहिलं असतं तर इटलीला आपलं सर्वांत इटालियन चीज करणं जड गेलं असतं.