जीपची डावी बाजू

जीप सडते ती खालून. बॉनेटवर हात फिरवला तर रंग गुळगुळीत लागतो, आणि पायाखालची मॅट उचलली की थेट अंगणातली माती दिसते. आमच्या अण्णांची जीप सायलीच्या अंगणात नेमकी अशी निघाली.

सायली म्हणजे सिल्वासाजवळचं गाव, दादरा-नगर हवेलीतलं. वापीला रेल्वेतून उतरायचं आणि पुढे रस्त्याने जायचं. २०२० साली हा प्रदेश दमण-दीवशी जोडला गेला; सायलीत आता मोठं मेडिकल कॉलेजही आहे आणि कारखाने तर पूर्वीपासूनच आहेत. त्यातल्याच एका कारखान्यात माझा धाकटा भाऊ मेंटेनन्सला आहे. अण्णा गेल्यावर निपाणीची जीप तो घेऊन गेला. तिथला पाऊस म्हणजे वर्षाला दोन हजार मिलीमीटरच्या वर. डावी बाजू कंपाउंडच्या भिंतीकडे करून जीप पाच पावसाळे उभी राहिली आणि भिंतीवरून उडणारं पाणी तिने बिनतक्रार अंगावर घेतलं.

गाडी १९७२ सालची, सीजे थ्रीबी. हिचं बॉनेट जरा जास्तच उंच दिसतं, त्याचं कारण मजेशीर आहे. आतलं हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं, म्हणून विलीस कंपनीने १९५३ साली सरळ बॉनेटच वर उचललं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ला बंद झालं, पण आपल्याकडे महिंद्रांनी ते पुढे कितीतरी वर्षं चालवलं. अण्णांनी ती लिलावात घेतली. तंबाखूच्या बोदांपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत तिने सगळं वाहिलं.

आता मुद्द्याचं. या जीपच्या उजव्या बाजूला अण्णांचं नाव आणि 'निपाणी' असं मराठीत रंगवलेलं आहे, आणि डाव्या बाजूला तेच कानडीत. कानडीत गावाच्या नावात जोड 'प्प' येतो, निप्पाणी. पेंटरने तो असा गोल आणि भरदार काढलाय की मराठी बाजू त्यापुढे कृश वाटते. १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाच्या दिवसांत कुणीतरी अण्णांना विचारलं होतं, दोन्ही भाषांत कशाला? ते म्हणाले, "दगड कुठल्या बाजूने येईल सांगता येतं का?" सीमाभागातल्या वाचकांना याहून जास्त सांगायला नको.

मे महिन्याच्या सुट्टीत मी गेले तेव्हा भावाने जीप खोलायला काढली होती. जीपचं एक बरं असतं. चॅसी वेगळी आणि वरचा हौदा वेगळा, मधे बोल्ट. पुढची मडगार्डंही बोल्टवर. ती बदलायला पान्हा पुरतो आणि गंजलेल्या बोल्टशी झगडायला एक दुपार. खरी डोकेदुखी हौद्याची, कारण तो पत्र्याला पत्रा वेल्ड करून बनलेला असतो. हरियाणात मंडी डबवालीला जीपच्या तयार बॉड्या बनतात (तेही सीमेवरचंच गाव, पलीकडे पंजाब). तिथून अख्खा हौदा मागवणं सगळ्यात सोपं. पण ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली जे व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, ते गाडी मूळ रूपात राहिलेली मागतात. भावाला त्या वाटेला जायचंय, म्हणून तो विचार मागे पडला. चॅसी नंबरावर ग्राइंडर फिरू नये म्हणून त्याने आधी पेन्सिलीने नंबराचा ठसा घेतला आणि मग त्यावर ग्रीस फासून ठेवलं.

जमिनीचा पत्रा बदलण्यात कुणाचंच दुमत नव्हतं. आत आडवे-तिरपे अँगल टाकून हौदा ताणून धरला, कारण जमीन कापली की बाजू हळूच आत येतात आणि मग दोन कर्णांची मापं जुळत नाहीत. पेट्रोलची टाकी काढून अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली, शेजारी वाळूची बादली.

पेच पडला तो डाव्या बाजूवर. खालचे सहा इंच पुरते गेलेले. भावाचं म्हणणं, पूर्ण बाजूच बदलू. ते कामाच्या दृष्टीने बरोबरच होतं. कारखान्याने जिथे स्पॉट मारलेत तिथेच ड्रिलने ते सोडवायचे, तिथेच नवी बाजू बसवायची, मधे कुठे जोड नाही. नुसता खालचा पट्टा लावायचा तर साडेतीन-चार फूट लांब जोड सपाट पत्र्याच्या मधोमध येतो. वळणदार पत्रा वेल्डिंगची उष्णता पचवतो. सपाट पत्रा लगेच लाटा दाखवतो, आणि जीपची बाजू म्हणजे निव्वळ पाटी.

पण पूर्ण बाजू बदलायची म्हणजे अण्णांचं कानडी नाव भंगारात. भावजय गोकाकची, बोलायला कमी. चहा ठेवता ठेवता एवढंच म्हणाली, "अक्षर उळियलि री." राहू देत अक्षरं. मी तिच्या बाजूची होते. भाऊ बराच वेळ टेप घेऊन बसला. अक्षरांच्या तळापासून सडलेल्या रेघेपर्यंत अंतर भरलं चार इंच.

मग पट्टाच ठरला. १८ गेजचा, म्हणजे साधारण सव्वा मिलीमीटरचा पत्रा. साध्या आर्क वेल्डिंगने तो जळून भोक पडतं, म्हणून कारखान्यातला एक ओडिशाचा वेल्डर रविवारी सीओटू मशीन घेऊन यायचा. पत्र्यावर पत्रा चढवला की मधे पाणी अडकतं, तेव्हा कडेला कड भिडवून जोड घ्यायचा. एक टाका इथे, दुसरा हातभर पलीकडे, हात लावता येईल इतकं थंड झालं की तिसरा. अक्षरांखाली ओल्या फडक्याची पट्टी, रंग भाजू नये म्हणून. सुई-दोऱ्याने गोधडीला ठिगळ लावतात तसंच, फक्त घाई केली की ठिगळ वाकडं होतं. वेल्डिंगच्या जोडाला कानडीत बेसुगे म्हणतात आणि तोच शब्द माणसामाणसांतल्या जोडालाही चालतो. पत्र्याला ते तगडु म्हणतात, आपलं तगड त्याच्याच जवळचं. पण हे भाषेच्या मास्तरणीचं कौतुक. वेल्डरला त्याचं काही नव्हतं.

तीन रविवार गेले. आतून झिंकचा प्रायमर, मग रेड ऑक्साइड, बुजलेली पाणी जायची भोकं मोकळी. बाजूला तिरपं ऊन पडलं की अक्षरांखाली दोन लाटा दिसतात. पुट्टी भरून त्या बुजवता येतील, पण भाऊ तयार नाही. म्हणतो, पुट्टी जाड झाली की पुढेमागे तडकते आणि तिच्याखाली पाणी धरतं. रंगही पट्ट्यालाच लावला. तो वरच्या जुन्या हिरव्यापेक्षा गडद दिसतो. सगळी बाजू रंगवायची तर अक्षरांवरून ब्रश फिरणार.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने उजवी बाजू ठोकून पाहिली. आवाज बद्द येतोय. त्या बाजूला वर स्टेपनी टांगलेली असते, म्हणून पेंटरने मराठी अक्षरं पार खाली काढली आहेत, नेमकी गंजाच्या रेघेवर. तिथे चार इंच सोडाच, एक इंचही मोकळा नाही. दिवाळीत ते काम निघेल. भावजयीने बटर पेपर आणला आणि आम्ही दोघींनी ती अक्षरं काना-मात्रांसकट उतरवून घेतली.