खुंट्यावरचा दुसरा हात

इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे असतात, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताकडे. ‘कोरी पाटी’ असं टाइप करून पाहावं. उजवा, डावा, उजवा, डावा, असे हात आपोआप आळीपाळीने चालू लागतात. त्याहून मला आवडते ती पहिली वेलांटी. ‘किती’ लिहिताना पडद्यावर ती ‘क’च्या आधी दिसते, पण बोटाने दाबायची असते ‘क’नंतर, म्हणजे जिभेवर येते त्याच क्रमाने. जुन्या टंकयंत्रावर हे उलटं होतं. कागदावर जे आधी दिसायचं ते आधी ठोकावं लागायचं. सरकारी नोकरीसाठी लागणारी मिनिटाला ३० शब्दांची मराठी टंकलेखनाची परीक्षा मी त्या यंत्रावर दिली, आणि पुढे किती वर्षं माझी बोटं अक्षर ऐकण्याऐवजी नुसतं बघत राहिली. आता ती ऐकतात. रात्री मागचं आवरून लिहायला बसलं की वाक्य आधी ओठांवर येतं, आणि बोटं त्याच्या मागोमाग जातात.

नोकरीतली मधली वर्षं मी लिहीत नव्हते असं मात्र नाही. दिवसभर लिहीतच होते. टिपण्या, कार्यवृत्तं, स्मरणपत्रं. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’, ‘सदर प्रस्ताव मान्यतेस्तव सादर’. या मराठीला लोक नावं ठेवतात, मला ते पटत नाही. साहेब बदलून जातो, हुकूम राहतो. म्हणून तिथे माणूस बोलत नाही, खुर्ची बोलते, आणि तसंच असायला हवं. पण त्या भाषेत क्रियापदाला कर्ता नसतो. कोण कळवतं, कुणाला वाटतं, कुणाचा जीव तुटतो, याला जागाच नसते. वर्षानुवर्षं तसं लिहिलं की एक दिवस बहिणीला पत्र लिहायला बसावं आणि पहिलं वाक्य सुचू नये, असं होतं. माझं झालं. हातात पेन होतं, मजकूरही होता. त्यातला ‘मी’ मात्र कुठे सापडेना.

वाईत वाढलेल्या मुलीचं असं व्हावं याचं मला फार वाईट वाटायचं. आमचं गाव कागदावर प्रेम करणारं. प्राज्ञपाठशाळा इथली, मराठी विश्वकोश इथला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांनाही ठाऊक असायचं की या गावात शब्दांचं काहीतरी मोठं काम चाललंय. त्या वातावरणात लिहिणं म्हणजे जाणत्यांनी, पुरा अभ्यास करून, कायमचं लिहिणं अशी माझी समजूत झाली. कॉलेजच्या हस्तलिखितात मी लिहायचे, मासिकांना पाठवायचे. सोबत परतीचं तिकीट लावलेलं पाकीट. ‘साभार परत’ आलं तरी दुःख ओसरायचं. त्या पाकिटाची वाट पाहण्यात सुद्धा कुणीतरी तिकडे आपलं अक्षर वाचतंय ही ऊब असायची. मग पाकिटं पाठवणं थांबलं आणि ती ऊबही गेली.

ती परत आली हळदीमुळे. माघ-फाल्गुनात वाईच्या आसपासच्या शिवारात हळद शिजते. मोठी काहील, खाली उसाच्या पाचटाचा जाळ, आत काढणीची ओली हळकुंडं, वर झाकण. उकळी येते, फेस येतो आणि मग एक वास सुटतो. स्वयंपाकघरातल्या हळदपुडीशी त्याचं नातं जेमतेमच. ओली माती, कापूर आणि गरम लोखंड एकत्र आल्यासारखा तो वास अंगावरच्या कपड्यांत दोन दिवस राहतो. गावी गेले असताना त्यावर फोनवरच चार परिच्छेद लिहिले आणि भाचीला पाठवले. तिने ते तिच्या ओळखीच्या ठिकाणी इंटरनेटवर माझ्या नावाने टाकले. लेख म्हणावं असं ते काही नव्हतं. त्याला सुरुवात नव्हती, शेवट नव्हता, एक वास आणि एक जाळ होता.

दोन दिवसांनी हरिपूरहून एका बाईंचं पत्र आलं, ईमेलने. हरिपूर म्हणजे सांगलीजवळचं, कृष्णा आणि वारणेच्या संगमावरचं. त्यांनी लिहिलं होतं, तुम्ही शिजवण्यावर थांबलात, आमची गोष्ट तिथून पुढे सुरू होते. हळद वाळवून, पॉलिश करून हरिपूरच्या पेवांत जायची. पेव म्हणजे जमिनीखालची खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद अशी खोदलेली कोठी. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही, रंग चढायचा. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे, कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत वर थांबावं लागे. त्या थांबण्याच्या वेळात गडीमाणसं काय बोलायची, वडील कुठे बसायचे, तेही त्यांनी लिहिलं. आणि मग २००५ चा महापूर. पाणी पेवांत शिरलं, हळद गेली, आणि पेवांचं ते जुनं वैभव जवळजवळ संपलं.

मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आमच्या वाईच्या घाटाला लागून जे पाणी पुढे जातं तेच त्यांच्या पेवांत शिरलं होतं, आणि इतकी वर्षं मला हे ठाऊक नव्हतं. रात्री लिहायला बसले ती पहाटेपर्यंत. त्यांच्या परवानगीने हळदीचा दुसरा भाग लिहिला, पहिल्या भागातली दोन वाक्यं बदलली. हे बदलणं छापील पानावर शक्य नसतं. तिथे शाई वाळली की वाळली, आणि तिचा तो ठामपणा मला अजूनही हवासा वाटतो. पण माझ्यासारखीला, जिला वाटायचं पुरतं माहीत झाल्याशिवाय तोंड उघडू नये, तिला हा उघडा राहणारा मजकूर हवा होता. अर्धं मला माहीत आहे, उरलेलं कुणीतरी सांगेल, या भरवशावर लिहायला बसता येतं. ‘मी’ला बोलायला समोर एक ‘तुम्ही’ लागतो. तो मिळाला आणि माझी वाक्यं परत आली, कर्त्यासकट.

हे काही इंटरनेटने शोधून काढलेलं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून अधिक. आता त्या ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर येत असतात, कितीतरी ओव्या मूळ आवाजात ऐकता येतात. मी त्या कानात घालून बसने प्रवास करते. ऐकताना एक गोष्ट सारखी जाणवते. जात्याचा खुंटा पुष्कळदा दोघी धरतात. एकीने ओवी म्हणायची, दुसरीने तिच्यामागून उचलायची, मध्येच आपली जोडायची. सासरचं दुःख असो, भावाची वाट असो, विठ्ठलाशी भांडण असो, ते ऐकायला त्याच पहाटे त्याच दगडापाशी एक माणूस हजर असतं. कुणाच्या मान्यतेस्तव काही सादर करायचं नसतं. इतकी वाङ्मयनिर्मिती एका ऐकणारीच्या बळावर झाली. हरिपूरच्या बाईंचं पत्र आलं तेव्हा मला खुंट्यावर दुसरा हात पडल्यासारखं झालं. जातं हलकं झालं, असं आमच्या आजीच्या भाषेत म्हणता येईल.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी या काळात नव्याने वाचली. मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहायला निघाला, त्याने आईकडे आठवणी मागितल्या, आणि आई लिहू लागली. १९३४ ते १९३६ या काळात ते पुस्तक चार भागांत आलं. वयाच्या उत्तरार्धात, शाळेची पायरी न चढलेली बाई इतकं मोकळं, इतकं ताठ गद्य कशी लिहिते, याचं एक उत्तर मला त्या मागण्यात दिसतं. कुणीतरी विचारलं होतं. ती पानं वाचताना पुस्तक लिहिणारी लेखिका दिसत नाही, समोरच्याला सांगत बसलेली बाई दिसते. मराठीतलं माझं सगळ्यांत लाडकं गद्य ते, आणि ते मागणीवरून लिहिलं गेलं याचा मला आता मनापासून आनंद होतो.

आपलं आपण लिहावं, आपणच लोकांपुढे ठेवावं, याचीही आपल्याकडे चांगली वाट आहे. १९५०च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे यांच्यासारख्या तरुणांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक काढलं ते सायक्लोस्टाइल करून. पुढे साठच्या दशकात लघुअनियतकालिकांची रीघ लागली. हातात आलेल्या यंत्राचा त्यांनी उपयोग केला. आमच्या हातात हा फोन आला. आधी फार अडचणी होत्या: प्रत्येक फॉन्टची संकेतरचना निराळी, एकाचा मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की नुसती चित्रविचित्र चिन्हं. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी आली, पण ती सामान्य माणसाच्या संगणकापर्यंत आणि मग खिशापर्यंत पोचायला बराच काळ गेला. ज्यांनी त्या काळात खटपटी करून मराठी पडद्यावर आणली, फॉन्ट केले, कळफलक केले, त्यांतल्या बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊकही नाहीत. मी ऋणी आहे.

एक उणीव मला खरंच जाणवते, संपादकाची. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ मध्ये बंद झालं, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना किती बारकाईने, किती आस्थेने लिहीत याच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. एखादी कथा कुठे सैल पडली हे सांगायला कुणी चार पानी पत्र लिहावं, यापरतं भाग्य लिहिणाऱ्याला नाही. इथे ती नजर आपणच आपल्यात वाढवावी लागते. मी लेख रात्रभर तसाच ठेवते, सकाळी मोठ्याने वाचते. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य मोडते. किती जणांनी पाहिला तो आकडा भाचीला सांगून दिसेनासा करून घेतला आहे. घाईचा दोष लोक माध्यमाला देतात. माझ्या मते घाई माणसात असते, आणि ती रात्रभर थांबली की बरीचशी ओसरते.

सध्या कृष्णाबाईच्या उत्सवावर लिहिते आहे. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांना यश यावं म्हणून कृष्णेला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, असं वाईत परंपरेने सांगतात. थंडी सरता सरता एकेका आळीचा, एकेका घाटाचा तो होत जातो. मांडव पडतो, कीर्तनं होतात, पंगती बसतात. माझ्या पदरी गणपती आळीची बाजू आहे, ती मनासारखी उतरते आहे. बाकीच्या आळ्यांसाठी जागा मोकळी ठेवून तसं लेखातच लिहिलं. काल भीमकुंड आळीत वाढलेल्या एका गृहस्थांचा निरोप आला की त्यांच्या आईने पंगतीच्या सामानाच्या याद्या एका वहीत लिहून ठेवल्या होत्या, गूळ किती, तूप किती, द्रोण-पत्रावळी कुणाकडून. वही कोल्हापूरला भावाकडे आहे, रविवारी फोटो काढून पाठवतो म्हणाले. रामडोहाकडूनही एक मुलगी आजीला विचारते आहे. याद्या येईपर्यंत मला आमच्या आळीची पंगत पुरी करायची आहे, आज वाढप्यांपर्यंत पोचले आहे.