ग्रहणाचा बोल

सप्टेंबर 2009 मध्ये आम्ही दिवेआगरला एका सुपारीच्या वाडीत उतरलो होतो. बाहेर सुरूच्या बनावर पाऊस कोसळत होता. पडवीत वर्तमानपत्र हातोहात फिरत होते. त्यात बातमी होती : बिहारमधील एका खेड्यात ऑगस्टअखेर जन्मलेल्या मुलाचे हृदय छातीबाहेर होते. घरच्यांनी त्याला कापडात गुंडाळून आगगाडीने दिल्लीला नेले आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शल्यवैद्यांनी छातीत जागा करून ते हृदय आत बसवले.

सुपारी सोलता सोलता यजमानीण काकू म्हणाल्या, "बाईने ग्रहण पाळलं नसेल. जुलैत लागलं होतं ना!"

आम्हांला आमची आई आठवली. तिचे पहिले अपत्य जन्मतःच व्यंग घेऊन आले. घाईघाईने त्याचा बाप्तिस्मा उरकला. दुसऱ्या दिवशी ते गेले. 'ग्रहणात हिने विळीला हात लावला,' असे आप्तस्त्रिया कुजबुजल्या. आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती. पण हा बोल आमच्याही उंबरठ्याआत आला. पुढे वय झाल्यावरही आई प्रत्येक ग्रहणात दार लावून बसे. समोर भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती. ते उघडे हृदय आम्ही रोज पाहत होतो. आईचे काही आम्हांला दिसले नाही.

परतल्यावर परिचयाच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले, की गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत शरीराच्या दोन्ही बाजू पुढे वळून मध्यभागी जुळतात. हे जुळणे अपुरे राहिले, तर हृदय उघडे राहते. दहा लाख जन्मांत अशी पाच ते आठ बालके. बहुतेक वेळा निश्चित कारण सापडत नाही. पुष्कळशी मुले गर्भातच किंवा जन्मानंतर थोड्या दिवसांत दगावतात. मूल जिवंत जन्मले, तर हृदय स्वच्छ, ओलसर आच्छादनाखाली ठेवून त्याला तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते.

हे व्यंग आता सोनोग्राफीत जन्मापूर्वीच दिसू शकते. 2017 मध्ये इंग्लंडातील लेस्टर येथे अशीच एक मुलगी जन्मली. गर्भारपणाच्या नवव्या आठवड्यातच निदान झाले असल्याने प्रसूतीच्या वेळी सुमारे पन्नास जणांचे पथक सज्ज होते. तीन शस्त्रक्रियांनंतर ती वाचली.

पुढच्या वर्षी दिवेआगरला गेलो, तेव्हा काकूंना डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. बोटांवर महिने मोजले. ते खग्रास सूर्यग्रहण 22 जुलैला लागले. मूल ऑगस्टअखेर जन्मले. म्हणजे ग्रहण लागण्याच्या कितीतरी महिने आधीच त्याच्या छातीचे जे व्हायचे ते होऊन गेले होते.

काकूंनी पुन्हा स्वतःच्या बोटांवर मोजून पाहिले. अडकित्ता खाली ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे त्या आईचा दोष नव्हता."

"नव्हता, काकू."

त्या बराच वेळ वाडीकडे पाहत राहिल्या. त्यांच्या मनात कोण होते, हे आम्ही विचारले नाही. आमच्या मनात आई होती. महिन्यांचा हा साधा हिशेब तिला कोणी कधी मांडून दाखवला नाही. आम्ही शिकलीसवरली मुलेही नाही. आम्हांला तो कळला, तेव्हा ती या जगात नव्हती.