दुकान आहे, खैरातीचा डबा नव्हे

रमजानचा शेवटचा आठवडा होता. तरावीहनंतर आम्ही दोघं मुलीला घेऊन विजापूर वेशीच्या मीना बाजारात गेलो. कडेला पाटावर टोप्या, तसबीह आणि अत्तराच्या बाटल्या मांडून एक अंध भाई बसले होते. ६० रुपयांची टोपी घेतली, २०० ची नोट दिली आणि म्हणालो, "बाकीचे राहू द्या, भाई."

त्यांनी नोटेच्या कडेवरून अंगठा फिरवला. मोजून १४० रुपये आमच्या हातावर ठेवले. "भाभी, ये दुकान है, खैरात का डब्बा नै." आवाजात राग नव्हता, पण मुलीसमोर आमची मान खाली गेली.

पुढे येणं-जाणं वाढलं, तसा त्यांचा धंदा आम्हाला कळत गेला. १००, २०० आणि ५०० च्या नोटांच्या लांबीत फक्त चार-चार मिलिमीटरचा फरक आहे. १०० च्या कडेला चार उठावदार रेघा, ५०० च्या कडेला पाच. नोट जुनी झाली की त्या झिजतात. नोट ओळखणारं रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप २०२० पासून आहे, पण गर्दीत प्रत्येक नोट कॅमेऱ्यासमोर कशी धरणार? मोबाईलवरून "पैसे पाठवले" म्हणत न देताच निघून जाणारेही भेटले. रक्कम बोलून दाखवणारा डबा घेतल्यावर तो त्रास संपला.

खरी भीती जागेची. आपण चार पावलं सरकून बसू शकतो. त्यांचं गिऱ्हाईक आणि घरचा रस्ता, दोन्ही त्या एका जागेला बांधलेले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात विक्री प्रमाणपत्राची तरतूद आहे. शहर समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत, त्यांत अपंगांनाही स्थान असावं, असं त्यात लिहिलं आहे. हे आम्ही त्यांना वाचून दाखवलं, अर्ज भरायला सोबत बसलो. आमची मदत एवढीच.

हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. प्रेषितांनी (स.) त्यांच्यावर अजानची आणि आपण बाहेर असताना मदीनेची जबाबदारी सोपवली. आपण मात्र अंध माणूस दिसला की आधी खिशातली चिल्लर चाचपतो.

आता आमची मुलगी पैसे देताना "भाई, ५० ची आहे" असं स्पष्ट सांगते. पाटासमोर कुणी गाडी लावली तर हटवायला लावते. भावात घासाघीसही करते आणि भाईंना ती आवडते.

चाँदरातीला आम्ही निघालो, तेव्हा भाईंनी हाक मारली. आम्हाला वाटलं, काही अडचण असेल. त्यांनी वेगळ्या बांधून ठेवलेल्या नोटा पुढे केल्या.

"हा आमच्या घरचा फितरा. तुमच्या मोहल्ल्यात कुणी गरजू असेल तर नमाजआधी पोहोचवाल?"