मोठ्या बाईंचा तिसरा रकाना

डी.एड.ला मी पाठ टाचण काढायला शिकलो. पोरांच्या बोलण्यातलं गणित ऐकायला मला मोठ्या बाईंनी शिकवलं. आमच्या जिल्हा परिषद शाळेत त्या सर्वांत जुन्या. तास मोकळा असला की माझ्या वर्गात मागच्या बाकावर वही घेऊन बसत. नवा असल्यामुळे मी धास्तावायचो, पण त्या वहीत माझ्याबद्दल अक्षरही नसे.

सातवीला सरासरी चालू होती. पाच मुलांनी आपापल्या घरातली माणसं सांगितली: ३, ४, ४, ५, ९. बेरीज २५, सरासरी ५. उत्तर फळ्यावर आलं आणि मुलं बोलू लागली. एक मुलगी म्हणाली, “पण सर, पाच माणसांचं घर तर एकच आहे.” नऊ माणसांच्या घरातला मुलगा म्हणाला, “आमच्यातली चार वाटून टाका, सगळ्यांची पाच-पाच होतील.” मागून तिसरा ओरडला, “याच्या एकट्यामुळं पाच आलं, नायतर चारच!”

मधल्या सुट्टीत बाईंनी वही पुढे केली. पहिल्या रकान्यात ही तीन वाक्यं, मुलांच्याच बोलीत. दुसऱ्यात बाईंचा अर्थ. मुलीला सरासरी आणि नेहमी आढळणारं घर यांतला फरक खुपतोय. दुसऱ्याला समान वाटप कळलंय: पाचाच्या वर चार माणसं जास्त, खालच्या घरांत २, १ आणि १ मिळून चारच कमी. तिसऱ्याने टोकाच्या संख्येची ओढ हेरलीय. नऊ वगळले तर उरलेल्यांची सरासरी नेमकी चार. तिसरा रकाना कोरा होता. “उद्या काय विचारणार, ते तुम्ही लिहा सर,” बाई म्हणाल्या.

मी लिहिलं, ‘नऊऐवजी चौदा असते तर?’ दुसऱ्या दिवशी सरासरी सहावर गेली, पण चढत्या क्रमातलं मधलं घर चाराचंच राहिलं. व्याख्या सांगण्याआधीच वर्गाला मध्यक सापडला.

पुष्कळ वर्षांनी व्हिक्टोरिया जेकब्स, लिसा लँब आणि रँडॉल्फ फिलिप या अमेरिकी संशोधकांचा २०१० सालचा लेख वाचनात आला. मुलाची रीत टिपणं, तिच्यातून त्याची समज ताडणं आणि पुढे काय करायचं ते ठरवणं, अशी तीन कौशल्यं त्यांनी मांडली होती. अभ्यास लहान मुलांच्या अंकगणिताचा, रकाने मात्र बाईंचेच! पहिली दोन कौशल्यं शिकवण्याच्या अनुभवानेही वाढतात. तिसऱ्यासाठी मात्र अनुभव पुरत नाही, त्याचं वेगळं शिक्षण लागतं, असं त्यांना आढळलं होतं.

तो रकाना बाईंना सहज भरता आला असता. त्यांनी तो माझ्यासाठी सोडला आणि मी लिहीपर्यंत शेजारी बसून राहिल्या. नोकरीच्या आरंभीच एवढं मिळालं. नाहीतर मला सरासरीचं सूत्र तेवढं शिकवता आलं असतं.