संकासुर आणि मुनव्वर

जत्रेच्या काल्याला संकासुर आला की पोरं आधी घाबरतात, मग हसून लोळतात. काळा पेहराव, लोंबती तांबडी जीभ. हा वेद चोरणारा दैत्य, पण बोलतो आपल्याच बोलीत, आणि ब्राह्मणाची मनसोक्त टर उडवतो. आत गाभाऱ्यात देव, बाहेर ही थट्टा. त्यावरून कुणी पोलिसांत गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मुनव्वर फारुकीला मात्र १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरच्या एका कॅफेतून उचललं. देवदेवतांची विटंबना केली अशी आमदारपुत्राची तक्रार. राग होता तो जुन्या विनोदांचा. २८ जानेवारीला उच्च न्यायालयाने जामीन नाकारला, ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. कारण काय, तर अटकेची कायद्यातली पद्धतच पाळली गेली नव्हती. फायलींत जन्म गेलेल्या माझ्यासारख्याच्या डोळ्यांत हेच जास्त खुपतं. एक कलम नीट वाचलं असतं तर पाच आठवडे वाचले असते.

(त्याच मध्य प्रदेशात सिंधीपुऱ्याचं बुऱ्हाणपूर आहे. तिथे फारुकी सुलतानांनी बांधलेल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. मुनव्वर जुनागढचा, आडनाव तेवढं सारखं.)

नोव्हेंबर २०२१ मध्ये आमच्या गोव्यातलाही त्याचा कार्यक्रम विरोधामुळे रद्द झाला. तेव्हा हळहळणारे बरेच होते. खरी गंमत झाली ऑगस्ट २०२४ मध्ये. त्याने एका कार्यक्रमात कोकणी माणसांना शिवी घातली, आणि इंदूरच्या वेळी त्याची बाजू घेणारा आमच्या कचेरीतलाच एकजण म्हणाला, "दोन कानफटात द्यायला हव्यात!"

शिवी मलाही झोंबली. विनोद म्हणून तर तो अगदीच पाणचट होता. पण संकासुराचं आपण का ऐकून घेतो? तो आपला, गावाने मान्य केलेला, त्याच्या मुखवट्याआड कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं म्हणून. मुखवट्याआड एखादा मुनव्वर निघाला तर तेच वाक्य आपण हसून घेऊ का? मला खात्री नाही.

धमक्या आल्या तशी मुनव्वरने माफी मागितली. मला ती नको होती. पणजीत कधी त्याचा प्रयोग लागला तर मी तिकीट काढणार नाही, इतकंच.